‘डाउनचं बाळ, असंच असतं’ म्हणून थांबू नका

बाळ दूध ओढत नाही. ‘डाउनचं बाळ आहे, असंच असतं.’ वजन वाढत नाही. ‘असंच असतं.’ सारखं झोपून असतं, हाक मारली तरी वळत नाही. ‘असंच असतं.’

पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त नुकसान या दोन शब्दांनी होतं, आणि ते घरातलेच नाही, कधी कधी दवाखान्यातलेही बोलतात. दूध न ओढण्यामागे हृदयातलं भोक असू शकतं. सुस्तीमागे थायरॉइड असू शकतं. हाकेला न वळण्यामागे कानात साठलेलं पाणी असू शकतं. या तिन्हींवर इलाज आहे. डाउन सिंड्रोम बरं होत नाही, पण त्याच्या आडून येणारे बरेचसे आजार बरे होतात किंवा ताब्यात राहतात, अट एवढीच की ते शोधावे लागतात. म्हणून आई-बाबा नेहमी विचारतात ते प्रश्न घेऊन इथे सविस्तर लिहितो आहोत.

हे कशामुळे झालं? कोणाचं काय चुकलं?

कोणाचंच नाही. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या बाळांच्या पेशीत २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते. साधारण ९५ टक्के बाळांमध्ये ही जादा प्रत गर्भ राहण्याआधी, स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना जोडी नीट न सुटल्यामुळे आलेली असते. बहुतेक वेळा हे स्त्रीबीजात घडतं हे खरं, पण त्याचा अर्थ आईचा दोष असा होत नाही. स्त्रीबीजांचं विभाजन ती बाई स्वतः तिच्या आईच्या पोटात असतानाच सुरू झालेलं असतं आणि पुढे कित्येक वर्षं अर्धवट थांबून राहतं. जी गोष्ट गर्भ राहायच्या आधीच ठरली, ती गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, पपई खाल्ली, जिने चढले, दुःख केलं म्हणून कशी होईल? घरात कोणी ग्रहणाचा विषय काढला तर डॉक्टरांसमोर सासू-सासऱ्यांना एकदा बसवा आणि हेच त्यांच्या तोंडून ऐकवा. आईनं सांगून पटत नाही, डॉक्टरांनी सांगितलं की पटतं.

वयाचा संबंध आहे. आईचं वय पंचविशीच्या आत असेल तर दीड हजारात एखादं, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक असं ढोबळ प्रमाण आहे. तरीही डाउन सिंड्रोम असलेली बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणंच त्या वयात जास्त होतात.

रिपोर्ट कसा वाचायचा?

चेहरा, डोळ्यांचा तिरकसपणा, तळहातावरची एकच आडवी रेघ, पायाच्या अंगठ्याशेजारची फट, अंगातला सैलपणा यावरून डॉक्टरांना शंका येते. नक्की होतं ते कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीनं. त्यासाठी बाळाचं थोडं रक्त हेपॅरिनच्या नळीत घेतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, त्यामुळे रिपोर्टला दोन ते तीन आठवडे लागतात. घाई असेल तर फिश नावाची तपासणी काही दिवसांत उत्तर देते, पण कॅरिओटाइप तरीही करायचंच. कारण फिश ‘तिसरी प्रत आहे’ एवढंच सांगतं, ती कशी बसली आहे ते सांगत नाही.

आणि ते कळणं महत्त्वाचं आहे. रिपोर्टवर ४७ आकडा आणि पुढे ‘+२१’ असेल तर तो नेहमीचा प्रकार. तीन-चार टक्के बाळांत जादा प्रत १४ किंवा दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेली असते. अशा रिपोर्टवर एकूण आकडा ४६ दिसतो, घरचे आनंदानं ‘नॉर्मल आला’ म्हणतात आणि फाइल कपाटात जाते. तसं करू नका. या प्रकारात दोन्ही पालकांची तीच तपासणी करावी लागते, कारण कोणी वाहक असेल, म्हणजे स्वतः निरोगी असूनही असं चिकटलेलं गुणसूत्र बाळगत असेल, तर पुढच्या बाळंतपणातला धोका बदलतो. नेहमीच्या प्रकारात तरुण आईला पुन्हा असं बाळ होण्याची शक्यता साधारण एक टक्का. चिकटलेल्या प्रकारात आई वाहक असेल तर १० ते १५ टक्के, वडील वाहक असतील तर त्याहून बरीच कमी. क्वचित दोन २१ एकमेकांनाच चिकटलेली असतात आणि पालक त्याचे वाहक असतात. तिथे प्रत्येक जगणाऱ्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो. हे सगळं जनुकतज्ज्ञासमोर बसून समजून घ्या. मोझॅइक नावाचा तिसरा प्रकारही आहे, त्यात काही पेशी ४६च्या, काही ४७च्या असतात. पण ‘मोझॅइक म्हणजे सौम्य’ असं नक्की सांगता येत नाही.

ठोके ऐकून डॉक्टर म्हणाले हृदय ठीक आहे. तरी इको कशाला?

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाच. पहिल्या महिन्यात, लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञाकडून. जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि त्यातला सगळ्यात मोठा दोष काही वेळा स्टेथोस्कोपला ऐकूच येत नाही. कारण असं: हृदयाच्या मधोमध मोठं भोक असतं, पण जन्मानंतर फुप्फुसांतला दाब जितका उतरायला हवा तितका उतरत नाही. दोन्ही बाजूंचा दाब सारखाच, म्हणून रक्त जोरानं पलीकडे जात नाही, म्हणून आवाज नाही. बाळ वरून ठणठणीत दिसतं. आत मात्र फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या जाड होत जातात, आणि या बाळांत हे इतरांपेक्षा लवकर होतं. एका मर्यादेपलीकडे त्या जाड झाल्या की भोक बुजवण्याचं ऑपरेशन करताच येत नाही. म्हणून मधल्या मोठ्या भोकाचं ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात. ‘थोडं मोठं होऊ दे, वजन भरू दे’ म्हणून वर्ष-दीड वर्ष थांबलेली मुलं वेळ घालवून बसतात. वजन कमी आहे म्हणून थांबायचं की नाही, हे हृदयतज्ज्ञांनी ठरवायचं, घरच्यांनी नाही.

घरी काय बघायचं? दूध पिताना कपाळावर घाम, चार घोट घेऊन दमून थांबणं, छाती आत ओढून भरभर श्वास, वजन जागच्या जागी. यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तारखेची वाट बघू नका.

पैशांची काळजी असेल तर हे माहीत असू द्या: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष आणि डाउन सिंड्रोम दोन्ही येतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, बाळाची नोंद करा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही ऑपरेशन होतं. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढवायचं काम इको करायच्या आठवड्यातच हातात घ्या, ऑपरेशनची तारीख आल्यावर नाही.

पहिल्या महिन्यात आणखी काय?

रक्ताची साधी पूर्ण तपासणी, पहिल्या दोन-तीन दिवसांत. काही बाळांत पांढऱ्या पेशींचा एक तात्पुरता विकार असतो. तो बहुतेक वेळा आपोआप जातो, पण अशा मुलावर पुढे चार वर्षांपर्यंत रक्ताच्या कर्करोगासाठी नजर ठेवावी लागते. थायरॉइड जन्मानंतर, सहा महिन्यांनी, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी. कावीळ लांबली तर थायरॉइड आधी बघा. मोतीबिंदूसाठी डोळ्यांत उजेड टाकून बघणं. ऐकण्याची तपासणी.

हिरवी उलटी झाली तर दूध बंद करून थेट दवाखाना, त्यात दुसरा विचार नाही. पहिल्या २४ ते ४८ तासांत काळी शी झाली नाही तरी तसंच. आतड्याचे दोष या बाळांत जास्त असतात आणि ते शस्त्रक्रियेनं सुटतात.

थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ती चमच्यात बारीक करून थोड्याशा आईच्या दुधात किंवा पाण्यात मिसळून लगेच द्यायची. बाटलीभर दुधात घालू नका. बाळ बाटली संपवत नाही आणि अर्धी गोळी तळाशी राहते. लोह आणि कॅल्शियमच्या औषधात आणि या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. घरात दोघंतिघं बाळाला बघत असतील तर कॅलेंडरवर खूण करा, नाहीतर एक दिवस दोनदा आणि एक दिवस एकदाही नाही असं होतं.

अंगावर पिईल का?

बहुतेक बाळं पितात. शिकायला दोन-चार आठवडे लागतात आणि तेवढा धीर आईला कोणी देत नाही, म्हणून डब्याचं दूध चालू होतं. अडचण जिभेच्या आकारात क्वचितच असते. तोंड लहान, स्नायू सैल, म्हणून जीभ बाहेर येते आणि पकड सुटते.

आपल्या हाताचं मधलं बोट, अनामिका आणि करंगळी स्तनाखाली ठेवून तो तोलून धरा. अंगठा आणि तर्जनी पुढे मोकळी राहू दे. त्यांच्या बेचक्यात बाळाची हनुवटी टेकवा, अंगठा एका गालावर, तर्जनी दुसऱ्या गालावर, अगदी हलकेच. जबड्याला खालून आधार मिळाला की पकड टिकते. बाळाचं डोकं पोटापेक्षा वर, कान-खांदा-कंबर एका रेषेत. आडवं झोपवून पाजलं तर दूध घशात साठतं आणि ठसका लागतो. सुरुवातीला थोडं दूध हातानं काढून टाका, म्हणजे पान्हा फुटलेला असतो आणि पहिल्या घोटाला बाळाला झगडावं लागत नाही.

ही बाळं भूक लागली तरी रडत नाहीत. ‘किती शहाणं बाळ, रात्रभर झोपतं’ हे कौतुक पहिल्या महिन्यात घातक आहे. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, उठवून पाजा. लंगोट सोडून तळपाय चोळा, ओल्या कापसानं गाल पुसा. एका वेळेला अर्ध्या तासापेक्षा जास्त लांबवू नका. त्यापुढे बाळ पितं त्याहून जास्त खर्च करतं. उरलेलं दूध काढून बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं द्या. बोंडलं गालाच्या कडेला टेकवायचं, थोडं ओतायचं, गिळलं की पुढचं. जिभेच्या मागे ओतलं तर ते श्वासनळीत जातं. प्रत्येक वेळी बोंडलं उकळून घ्या.

दूध पोचतंय का, हे लंगोट सांगतात: पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा शू. वजन आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय. दिवसाला २० ग्रॅमपेक्षा कमी भरत असेल तर विचारा, आणि विचारताना घामाचं आणि दमण्याचं सांगायला विसरू नका. पिताना घशात घुरघुर, पिऊन झाल्यावर ओला आवाज, वारंवार न्यूमोनिया, हे दूध फुप्फुसात जात असल्याचं लक्षण आहे. काही बाळांना ठसकाही लागत नाही.

सहा महिन्यांनी वरचं सुरू करताना मान सावरलेली हवी. चमचा लहान आणि उथळ. नाचणीचं सत्त्व किंवा मऊ भात चमच्याच्या टोकावर घ्या, जिभेच्या मध्यावर चमचा हलकेच दाबा आणि थांबा. वरचा ओठ खाली येऊन घास ओढून घेईपर्यंत थांबा. वरच्या ओठाला चमचा पुसून घास रिकामा करणं सोपं, पण मग ओठ काम करायला शिकत नाही, आणि हेच ओठ पुढे ‘प’ आणि ‘म’ म्हणणार असतात.

मालीश चालेल?

चालेल, छान आहे, या बाळांची त्वचा कोरडीच असते. पण मालीशवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. हात धरून उचलायचं नाही, पाय धरून उलटं टांगायचं नाही, हात-पाय ताणून एकमेकांवर चढवायचे नाहीत, मान ओढायची नाही, डोक्याला आकार द्यायचा नाही. सांधे बांधणारे अस्थिबंध सैल असतात, आणि मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधलेही. बाई म्हणतील, ‘चाळीस वर्षं करते.’ त्यांच्या अनुभवाचा मान ठेवूनच, पण आपण शेजारी बसायचं. नाकात तेल नको, ते फुप्फुसात उतरतं. कानातही नको. आंघोळीनंतरची धुरीही नको. अरुंद श्वासमार्गाच्या बाळाला धूर म्हणजे त्रास. वर्षाच्या आत मध चाटवू नका, गुटीतूनही नाही.

व्यायाम पहिल्या महिन्यातच सुरू होतो. पालथं घालणं सगळ्यात महत्त्वाचं: आधी आपण अर्धवट रेलून बाळाला छातीवर, मग जमिनीवर सतरंजीवर, काखेखाली टॉवेलची गुंडाळी. दोन-तीन मिनिटं, दिवसातून सात-आठ वेळा, बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर असताना. उताणं असताना मांड्या बेडकासारख्या बाहेर पडत असतील तर दोन्ही बाजूंना घडी लावून त्या आत आणा. वॉकर घेऊ नका, कोणी भेट दिला तरी वापरू नका.

बसणं साधारण ११ महिन्यांच्या आसपास, चालणं दोन वर्षांच्या आसपास, पण एक ते चार वर्षांपर्यंत कधीही, पहिला शब्द दीड वर्षाच्या आसपास. शेजारच्या बाळाशी तुलना करू नका, पण गेल्या महिन्यातल्या आपल्याच बाळाशी जरूर करा. आलेली गोष्ट गेली, म्हणजे बसणारं बाळ बसेनासं झालं, चालणारं अडखळायला लागलं, मान वाकडी धरू लागलं, तर तातडीनं दाखवा. ते ‘डाउनमुळे’ नसतं.

दचकतंय की झटके?

हे जरा बारकाईनं वाचा. तीन ते बारा महिन्यांच्या दरम्यान, बहुतेकदा झोपेतून उठल्याबरोबर, बाळ अचानक मान पुढे टाकतं, दोन्ही हात बाहेर फेकतं, क्षणभर ताठ होतं, सैल पडतं. पाच-दहा सेकंदांनी पुन्हा. असं पाच, दहा, वीस वेळा एका ओळीत. मग रडतं. घरचे म्हणतात दचकलं, पोटात कळ आली, नजर लागली. दचकायला आवाज लागतो आणि दचकणं एकदाच होतं. ओळीनं होत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, लागेल. उपचाराविना गेलेला प्रत्येक आठवडा बाळाची शिकण्याची ताकद कमी करतो.

कान, डोळे, बोलणं

चारांपैकी साधारण तीन मुलांना कधी ना कधी ऐकायला कमी येतं, बहुतेकदा पडद्यामागे पाणी साठल्यामुळे. जन्माच्या वेळी ‘पास’ आलं तरी सहा महिन्यांनी पुन्हा आणि पुढेही नियमित तपासायचं. कानाची नळी अरुंद असल्यामुळे मळ अडकतो. तो कान-नाक-घसा तज्ज्ञांनीच काढायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सहा महिन्यांच्या आत.

या मुलांना समजतं आधी, बोलता येतं उशिरा, आणि ऐकलेल्यापेक्षा बघितलेलं लवकर लक्षात राहतं. म्हणून शब्दाबरोबर खूण द्या: ‘अजून’, ‘संपलं’, ‘दे’, ‘ये’. खुणांनी बोलणं मागे पडत नाही. मेंदूचं टॉनिक, स्टेम सेल, बुद्धीचं चूर्ण यांचा या मुलांना उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. तो पैसा वाचा-उपचारासाठी ठेवा.

लसी सगळ्यांसारख्याच, वेळेवर. न्यूमोकोकलची चुकवू नका, आणि सहा महिन्यांनंतर दरवर्षी फ्लूची घ्या.

कागदपत्रं आणि मदत

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये डाउन सिंड्रोम बौद्धिक दिव्यांगत्वात धरला जातो. वर्ष पूर्ण झाल्यावर दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लहानपणी मिळतं ते तात्पुरतं प्रमाणपत्र असतं, त्याची मुदत कॅलेंडरवर लिहा. अर्ज अडकतो तो बहुधा नावावर: जन्मदाखल्यात एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. बाल आधार काढतानाच जन्मदाखला समोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा.

प्रमाणपत्र हातात आलं की निरामय विमा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते, आधीच्या आजाराची तपासणी मागत नाही आणि फिजिओथेरपी, वाचा-उपचारही त्यात बसतात. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

मार्गदर्शनासाठी मुंबईत १९४४ पासूनची जय वकील संस्था आहे, नवी मुंबईत सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, चेन्नईत डाउन सिंड्रोम फेडरेशन ऑफ इंडिया आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी गाठा आणि तिथे येणाऱ्या दुसऱ्या पालकांचा नंबर घ्या. कोणता थेरपिस्ट खरंच बाळासोबत जमिनीवर बसतो, हे त्यांनाच माहीत असतं.

आईकडेही बघा. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही तिचं रडू थांबत नसेल, झोप-जेवण गेलं असेल, बाळाला घ्यावंसं वाटत नसेल, तर तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

एक फाइल करा. पहिल्या पानावर बाळाचं नाव, रक्तगट, कॅरिओटाइपचा प्रकार, शेवटच्या इकोचा निष्कर्ष, थायरॉइडचा शेवटचा आकडा आणि गोळीचं प्रमाण, पुढच्या तपासण्यांच्या तारखा. पान प्लॅस्टिकमध्ये घाला आणि त्याचा फोटो दोघांच्याही मोबाइलवर ठेवा. कधीही ऑपरेशनची वेळ आली, अगदी कानात नळी बसवायची असली तरी, भूलतज्ज्ञांना हे पान दाखवा आणि स्वतःहून सांगा: मान फार मागे नेऊ नका, आणि श्वासनळी वयाच्या मानानं अरुंद असू शकते, एक माप लहान नळी तयार ठेवा.